घरात पाणी फुटलं तर आधी काय, नंतर काय: पुण्यातल्या नव्या घरमालकांसाठी

भाड्याच्या घरात पाणी फुटलं की घरमालकाला फोन करून मोकळं होता येतं. घर स्वतःचं झालं की तो फोन घ्यायला कोणी उरत नाही, म्हणून लोक सोसायटीच्या सचिवाला फोन करतात. सचिवाचं ते काम मी बरीच वर्षं केलं. रात्री साडेअकराला फोन यायचा, "काका, पाणी थांबतच नाहीये, चांगला प्लंबर सांगा ना." मी विचारायचो, "व्हॉल्व्ह बंद केलात का?" पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग, "कुठला व्हॉल्व्ह?"

प्लंबर कितीही चांगला असला तरी कोथरूडहून बाणेरला यायला त्याला वेळ लागतोच. तेवढ्या वेळात घराचं काय होतं, हे तुम्हाला तुमचे व्हॉल्व्ह माहीत आहेत की नाहीत यावर ठरतं. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्याभोवतीच फिरतं.

१. कोरड्या दिवशी व्हॉल्व्ह शोधून ठेवा

आधी इमारतीत पाणी कसं फिरतं ते बघा. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि जमिनीखालच्या टाकीत पडतं. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत, आणि गच्चीवरून आपल्या भाराने तुमच्या नळाला. म्हणजे रस्त्यावरचं पाणी गेलेलं असलं तरी गच्चीवर काही हजार लिटर पाणी असतंच, आणि पाईप फुटला तर ते सगळं तुमच्याकडे यायला मोकळं असतं. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब धरा. अकरा मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर जवळपास तीन किलो दाब होतो. वरच्या मजल्यावरचा शॉवर रडतो आणि खालच्या मजल्यावरचा कनेक्शन पाईप (बेसिन-कमोडला पाणी जोडणारा लवचीक पाईप) फाटतो, त्याचं कारण हेच.

नव्या इमारतींत एका फ्लॅटला एकच लाईन असेल असं धरून चालू नका. स्वयंपाकघराला पिण्याच्या पाण्याची एक, बाथरूम आणि फ्लशला बोअर किंवा टँकरच्या पाण्याची दुसरी, आणि सोलरच्या गरम पाण्याची तिसरी, अशी रचना पुण्यात सर्रास आहे. प्रत्येकीचा व्हॉल्व्ह वेगळा.

ते कुठे असतात? प्रत्येक बाथरूममध्ये भिंतीत डोक्याच्या उंचीला किंवा त्याहून वर, स्टीलच्या गोल चकतीआडून बाहेर आलेली मूठ म्हणजे त्या बाथरूमचा स्टॉप कॉक. काही घरांत तो माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या वर गेलेला असतो, आणि इंटिरियरवाल्याने तिथे हात घालायला छोटं दार ठेवलं नसेल तर ते आजच करून घ्या. बेसिन, कमोड, सिंक, गीझर यांच्या खाली-मागे छोटे अँगल कॉक असतात. ओल्या डक्टमध्ये (पाण्याचे पाईप जातात ती इमारतीतली उभी पोकळी) किंवा थेट गच्चीवर, टाकीतून खाली उतरणाऱ्या पाईपांवर, शेवटचे मोठे व्हॉल्व्ह. पेठांतल्या जुन्या घरांत कारभार सोपा असतो: दारापाशी किंवा मीटरजवळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपवर एक चाकाचा व्हॉल्व्ह. मात्र तो शेवटचा कधी फिरवला होता हे बहुधा घरात कोणालाच सांगता येत नाही.

आता एका रविवारी एवढं करा. एक व्हॉल्व्ह बंद करा, घरातले सगळे नळ एकेक करून उघडून बघा, कुठलं पाणी थांबलं ते लिहा, व्हॉल्व्ह परत उघडा, मग पुढचा. ज्याचं त्याचं नाव जाड मार्करने लिहून तिथेच चिकटवा. "पिण्याचं", "वापरायचं", "सोलर". घरातल्या प्रत्येकाला, अगदी आठवीतल्या मुलीलाही, ते हाताने फिरवायला लावा. पाणी फुटतं तेव्हा घरी तुम्ही असालच असं नाही.

इथे एक जागा हमखास फसवते. गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तरीही गार नळातून पाणी येत राहिलं, तर व्हॉल्व्ह खराब आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. कुठल्या तरी मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या असल्या तर सोलरच्या लाईनचं पाणी त्यातून गार लाईनमध्ये शिरतं. गार आणि सोलर दोन्ही बंद केले की मगच घर खरं बंद होतं.

दांडीचा व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाईपच्या रेषेत म्हणजे चालू, पाईपला आडवी म्हणजे बंद. चाकाचा असेल तर बंद करायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बरेच वेढे. टँकर आणि बोअरचं पाणी जड, त्यातला क्षार व्हॉल्व्हच्या आत बसतो आणि वर्षानुवर्षं न फिरवलेली मूठ जागची हलत नाही. ती पाना लावून जोरात फिरवू नका. आतली दांडी तुटते आणि नसलेलं संकट तुम्ही आणता. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून तो बदलून घ्या, आणि बाकीचे दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-उघड करत राहा.

शेवटचं, गच्चीची किल्ली. दिवसा ती ऑफिसात असते, रात्री कोणाकडे असते हे वॉचमनला विचारून ठेवा. गच्चीवर तुमच्या फ्लॅटची लाईन कुठली हेही एकदा त्याच्याबरोबर जाऊन बघा. आमच्याकडे पाईपांवर रंगाने फ्लॅट नंबर घातले, त्या एका कामाने माझे रात्रीचे फोन निम्म्यावर आले.

२. घरात काय असावं

सगळं मिळून एका छोट्या खोक्यात मावतं:

- टेफ्लॉन टेपची दोन-तीन गुंडाळी
- अर्ध्या इंचाचे चार एंड प्लग. दुकानात "डमी" म्हणून मागा.
- एक जादा कनेक्शन पाईप, दीड किंवा दोन फुटी
- एक पितळी अँगल कॉक
- एक अ‍ॅडजस्टेबल पाना आणि एक पाईप पाना
- एम-सीलचं पाकीट
- सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी, थोडी बांधणीची तार, दोन-तीन होज क्लिप
- निमुळत्या लाकडी खुंट्या, सुताराकडून पाच मिनिटांत करून मिळतात
- रबरी पंप, म्हणजे प्लंजर
- बॅटरी. व्हॉल्व्ह नेहमी अंधारातच असतात.

हे सगळं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. जुन्या घरातला एखादा विचित्र मापाचा तुकडा मिळत नसेल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जा. जाताना जुना तुकडा हातात घेऊन जा, वर्णन करत बसू नका.

कागदांमध्ये ताबापत्र, नोंदणीकृत करारनामा, बिल्डरने दिलेला नळांच्या आणि ड्रेनेजच्या लाईनचा नकाशा, आणि घराचा विमा असेल तर पॉलिसी. नकाशा बहुतेक बिल्डर मागितल्याशिवाय देत नाहीत, तो ताबा घेतानाच मागा. ताबापत्र का, तर रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला आणि तो तुम्ही बिल्डरच्या निदर्शनास आणलात, तर त्याने तो ३० दिवसांत कुठलेही पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. भिंतीतला जोड दुसऱ्याच वर्षी सुटला तर खिशात हात घालण्याआधी बिल्डरला लेखी कळवा, ईमेल तरी नक्की. फोनवर झालेलं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही.

३. पाणी फुटलं: पहिली पाच मिनिटं

याच क्रमाने करा.

पहिलं, वीज. पाणी स्विचबोर्डवर उडत असेल, गीझरजवळ असेल किंवा जमिनीवरच्या एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोचलं असेल, तर मेन एमसीबी, म्हणजे घराचा मुख्य वीज स्विच, पाडा. मेनपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागणार असेल तर जाऊ नका, खाली मीटर रूममधून वॉचमनला किंवा इलेक्ट्रिशियनला तुमचा मेन बंद करायला सांगा.

दुसरं, जवळचा अँगल कॉक. तो चालला नाही तर बाथरूमचा स्टॉप कॉक. तोही नाही तर गच्ची. गच्चीकडे एकाने पळावं, बाकीच्यांनी घरातच थांबावं.

तिसरं, व्हॉल्व्ह बंद झाल्यावर घरातला सर्वांत खालचा नळ, बहुधा मोरीतला किंवा जेट स्प्रे, पूर्ण उघडा. पाईपमध्ये राहिलेलं पाणी तिथून निघून जातं आणि फुटक्या जागेचा जोर संपतो. गीझर बंद करायला विसरू नका.

चौथं, पाणी अडवा. बाथरूमच्या उंबऱ्याला जुन्या चादरीची वळकटी, नहाणी ट्रॅपची (फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाची) जाळी काढून तोंड मोकळं. पाणी लिफ्टच्या दिशेने जाणार नाही हे बघा, आणि गेलंच तर लिफ्ट बंद करायला सांगा. एक लिटर पाणी एक चौरस मीटरभर पसरलं की एक मिलिमीटर उंची होते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच बादल्या सांडल्या तरी पाऊल पुरतं ओलं होत नाही, पण लाकडी पलंगाचे पाय आणि सोफ्याची खालची प्लाय फुगायला तेवढं पुष्कळ होतं. वायपरपेक्षा सुपलीने पाणी लवकर भरलं जातं.

पाचवं, खालच्या घराची बेल वाजवा. त्यांच्या छतावर ओल दिसायच्या आत तुम्ही सांगितलंत तर पुढची बोलणी सोपी जातात.

मग फोटो. विमा असेल तर पाणी उपसण्याआधी काढा. २०२१ पासून मिळणाऱ्या "भारत गृह रक्षा" या प्रमाणित पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटून किंवा भरून वाहून होणारं नुकसान धरलेलं आहे. खराब झालेला पाईप दुरुस्त करायचा खर्च वेगळा आणि त्याने झालेलं नुकसान वेगळं, हे दाव्याच्या वेळी ध्यानात ठेवा.

४. प्लंबर येईपर्यंत

कनेक्शन पाईप फाटला. बेसिनखालचा किंवा कमोडमागचा तारेची वीण असलेला पाईप. सगळ्यांत जास्त वेळा हाच जातो आणि सगळ्यांत सोपा हाच. अँगल कॉक बंद करा, दोन्ही टोकांचे नट उलटे फिरवा, नवा बसवा. त्याच्या नटात रबरी वायसर असतोच, तिथे टेफ्लॉन लागत नाही. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव फेरा, बस. जोर लावला की नट चिरतो आणि आठवड्याने परत तीच रात्र.

नळ भिंतीतून तुटला. जुना नळ फिरवताना त्याचे आटे भिंतीतल्या एल्बोमध्येच (पाईपच्या वळणाच्या जोडात) राहतात आणि नळ हातात येतो. इथे डमी बसत नाही, कारण आत तुटका पितळी तुकडा अडकलेला असतो. निमुळती खुंटी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून त्या भोकात हळूहळू ठोका. आतला तुकडा एक्स्ट्रॅक्टरने काढायचं काम प्लंबरचं. नळ अखंड निघाला असेल तर मात्र डमीला टेफ्लॉनचे आठ-दहा वेढे, आवळायच्या दिशेनेच, आणि लावून मोकळे व्हा.

ड्रिलने पाईपला भोक पडलं. चित्र टांगायच्या हौसेत हे होतं. ड्रिल बाहेर काढलंत की कारंजं उडणार, म्हणून आधी ड्रिलचा प्लग काढा, कोणाला तरी व्हॉल्व्ह बंद करायला पाठवा, आणि मगच बिट काढा. नळाच्या सरळ वर-खाली आणि स्वयंपाकघरात गॅसच्या पाईपच्या आसपास भोक पाडायचंच नाही, हा नियम ठेवला तर ही वेळ येत नाही.

उघड्या पाईपला चीर गेली. आधी पाणी बंद. मग ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, चिरेच्या वीतभर अलीकडून वीतभर पलीकडपर्यंत. वरून तार पिळा किंवा होज क्लिप आवळा. नीट ताणली असेल तर धार जाऊन थेंब उरतात आणि खाली बादली ठेवून रात्र निघते. एम-सीलचे दोन्ही भाग एकच रंग दिसेपर्यंत मळायचे आणि पाईप कोरडा ठणठणीत पाहिजे. ओल्या पाईपवर लावलेलं एम-सील सकाळी सालीसारखं हातात येतं.

आरओ गळतोय. पाव इंची पांढरी नळी फिटिंगमधून सुटलेली असते. ओट्याखाली ती जिथून निघते तिथे छोटी मूठ आहे, ती फिरवा. नळी एवढीशी वाटते, पण सकाळी दार बंद करून ऑफिसला गेलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरातून संध्याकाळपर्यंत पाणी जिन्यात उतरतं. घराबाहेर पडताना ती मूठ बंद करायची सवय लावून घ्या.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब. पाणी तापताना प्रसरण पावतं, त्यामुळे तापत असताना थोडे थेंब पडणं ठीक. सतत धार किंवा वाफ आली तर वीज बंद, आणि गीझर दुरुस्त होईपर्यंत चालू करायचा नाही. काही जण "साहेब, हे गळतंय ना, डमी मारून टाकू" असं म्हणत त्या व्हॉल्व्हचं तोंडच बुजवतात. असं करू देऊ नका. आतला दाब बाहेर पडायची वाट तीच आहे, ती बुजली तर टाकी फुटू शकते.

फ्लश सतत वाहतोय. अँगल कॉक बंद. मग सावकाश झाकण काढून फ्लोट कुठे अडकलाय ते बघा. वाहताना दिसत नसेल पण शंका असेल तर टाकीत खायचा रंग थोडा टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर खालचा वायसर गेलाय.

५. गुरुवारचा सापळा

पर्वती, वारजे, लष्कर या जलकेंद्रांच्या किंवा मोठ्या जलवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते, आणि तो वार बहुतेक वेळा गुरुवार असतो. "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने" ही ओळ त्या बातमीत येतेच. सोसायटीची टाकी मोठी असेल तर फरक जाणवत नाही. लहान असेल तर दुपारी नळ कोरडे पडतात.

मग होतं असं. कोणीतरी नळ उघडतं, पाणी येत नाही, "अरे हो, आज गुरुवार" म्हणत नळ तसाच उघडा सोडून निघून जातं. रात्री पंप चालू होतो, टाकी भरते, आणि बंद घरात नळ सुरू. सिंकमध्ये भांडी असली की जाळी बुजते आणि पाणी ओट्यावरून खाली. माझ्या काळात भर पावसातल्या गळतीपेक्षा या प्रकाराने जास्त घरं भिजली. पाणी नसताना उघडलेला नळ उजवीकडे फिरवूनच पुढे जायचं. एका दांडीच्या नव्या नळांचं चालू-बंद पाणी नसताना कळत नाही, म्हणून बाहेर जाताना सरळ घराचा व्हॉल्व्हच बंद करा. गणपतीला गावी जाताना तर दोन्ही लाईन आणि सोलर, तिन्ही.

६. तुंबलं असेल तर

आधी एवढं ठरवा की तुंबलंय ते तुमचं की सगळ्यांचं. एकच बेसिन किंवा एकच सिंक तुंबलं तर तुमचं. सगळ्या मोऱ्या एकदम संथ झाल्या किंवा तुम्ही नळ न उघडताही नहाणीतून पाणी वर येतंय, तर डक्टमधली मुख्य लाईन किंवा खालचं चेंबर भरलंय. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे आधी कळतं, वरच्यांना कळतच नाही. अशा वेळी तुमच्या बाजूच्या सगळ्या फ्लॅटना ताबडतोब निरोप द्या. एका डक्टवर सहसा शेवटचा आकडा सारखा असलेले फ्लॅट असतात, म्हणजे २०२, ३०२, ४०२ असे. ग्रुपवर "सगळ्या ०२ नंबरवाल्यांनी तासभर पाणी सोडू नका" एवढंच टाका, मोठा निबंध कोणी वाचत नाही.

एकट्या बेसिनला प्लंजर मारताना वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर नुसती हवा मारली जाते. सिंकखालचा बॉटल ट्रॅप बादली ठेवून हाताने उघडता येतो. आत चहाची पावडर, तेलाचा थर, केस यातलंच काहीतरी निघतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही ओतू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आणि काही रसायन ओतलं असेल तर प्लंबरला आल्या आल्या सांगा, त्याला त्यात हात घालायचा असतो.

चेंबर तुंबलं म्हणून माणूस आत उतरवायचा नाही. आतल्या वायूने माणसं गुदमरून मरतात आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. जेटिंगची (पाण्याच्या जोराने मोकळं करणारी) किंवा सक्शनची (ओढून घेणारी) गाडी बोलवा, खर्च सोसायटीचा.

चेंबर भरून वाहिलं असेल तर जमिनीखालच्या टाकीचं झाकण जरूर बघा. अनेक जुन्या सोसायट्यांत टाकी आणि चेंबर शेजारी-शेजारी आहेत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्यावर संशय गेला होता. पाण्याला वास किंवा रंग आला तर टाकी रिकामी करून धुवून घेईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

७. खालच्या घरात गळती: भांडणाआधी तपासणी

खालचे काका वर येऊन "तुमच्या बाथरूममधून गळतंय" म्हणाले की लगेच फरशा फोडायला घेऊ नका, आणि "आमचं नाहीच" असंही म्हणू नका. आधी खाली जाऊन डाग बघा, त्यांच्याबरोबर, चहा घेऊन.

डाग सतत ठिबकतोय की सकाळच्या आंघोळींनंतर? सतत ठिबकत असेल तर बहुधा भिंतीतला दाबाचा पाईप. रात्री झोपताना त्या बाथरूमच्या गार आणि गरम दोन्ही लाईनी बंद करा. सकाळपर्यंत ठिबकणं थांबलं किंवा अगदी कमी झालं तर संशय पक्का. एकेक लाईन बंद करून बघितलं की कुठली तेही कळतं. फरक पडला नाही तर दोष ड्रेनेजमध्ये किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. मग नहाणी ट्रॅपचं तोंड बुजवून बाथरूममध्ये दोन इंच रंगीत पाणी काही तास साठवा. खाली रंग उतरला तर फरशीच्या फटी. उतरला नाही, पण बुच काढून पाणी सोडल्यावर गळायला लागलं, तर ट्रॅप किंवा त्याचा पाईप. फटींचं काम बऱ्याचदा नुसतं इपॉक्सी भरून भागतं, त्यासाठी फोडाफोड लागेलच असं नाही. या दोन तपासण्या न करता थेट हातोडा काढणाऱ्या कारागिराला मी घरात घेत नाही.

खर्च कोणाचा? सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक बाहेरच्या पाईपलाईनची, ड्रेनेज लाईनची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. तुमच्या टॉयलेट, सिंकसारख्या आतल्या जागांची गळती तुमच्या खर्चाने. अर्ज लेखी द्या, फोटो जोडा, पोच घ्या. खालच्यांच्या रंगाचे पैसे द्यायचे की नाही हे बोलून ठरवा, पण भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावायला देऊ नका, नाहीतर पावसाळ्याआधीच पोपडे.

रस्त्यावरची किंवा मीटरच्या आधीची, रस्त्याच्या बाजूची गळती मात्र महापालिकेची. क्षेत्रीय कार्यालयात किंवा "पीएमसी केअर"वर तक्रार नोंदवा. पिंपरी-चिंचवडमध्ये असाल तर "सारथी". त्या जोडाला खासगी प्लंबरकडून हात लावून घेऊ नका.

८. प्लंबर बोलवताना

सोसायटीचा नेहमीचा प्लंबर पहिला. त्याला इमारतीतले पाईप कुठून गेलेत ते पाठ असतं. तो नसेल तर हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारा, कोण उधारी बुडवतं हे त्याला माहीत असतं. इंटरनेटवर सापडलेल्या नंबराने येण्याआधी क्यूआर पाठवून पैसे मागितले तर फोन ठेवा.

फोन करायच्या आधी फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. पाईपचा रंगही सांगा: पिवळसर म्हणजे सीपीव्हीसी, पांढरा म्हणजे यूपीव्हीसी, राखाडी लोखंडी म्हणजे जीआय. तो त्याप्रमाणे सामान घेऊन येतो आणि एक फेरी वाचते. येण्याचे किती, मजुरी किती, सामान वेगळं का, हे आधी विचारा. पुणेकराला भाव विचारायची लाज नसते, ती रात्री बारालाही नसावी. सामानाचं दुकानाचं बिल मागा आणि काढलेला जुना तुकडा बघायला मागा.

भिंत फोडावी लागली तर पाईप उघडा असताना, शेजारी टेप धरून, फोटो काढा. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती हे त्यात दिसलं पाहिजे. पुढच्या वेळी कुठे फोडायचं नाही हे त्या फोटोवरून कळेल. सीपीव्हीसीचा जोड सॉल्व्हंटने चिकटवतात, आणि तो धरायला किती वेळ लागतो हे डब्यावर लिहिलेलं असतं. प्लंबरला घाई असते, तो दहा मिनिटांत "सोडा पाणी" म्हणतो. तुम्ही डबा हातात घ्या आणि वेळ वाचा. भिंत लगेच बुजवू नका, एक दिवस दाबाखाली उघडी ठेवून हात फिरवून बघा. पूर्ण पैसे त्यानंतर.

९. पाणी परत सोडताना

सगळे नळ बंद, एक लांबचा नळ अर्धा उघडा. मग व्हॉल्व्ह हळूहळू, पाव-पाव फेरा. एकदम उघडला की पाईपमध्ये अडकलेल्या हवेचा दणका बसतो आणि नवा जोड तिथेच सुटतो. अर्धा उघडलेला नळ खोकत, थुंकत पाणी टाकेल. धार सलग झाली की बंद करा. गीझर तेव्हाच चालू करा जेव्हा त्याच्या गरम नळातून सलग पाणी यायला लागेल, रिकाम्या गीझरची कॉईल जळते.

नळांच्या तोंडाच्या जाळ्या आणि शॉवर काढून धुवा. दुरुस्तीनंतर त्यात पाईपचा कीस, टेफ्लॉनचे धागे आणि गाळ अडकतो, आणि लोक "प्लंबरने प्रेशर घालवलं" म्हणून त्याला परत बोलावतात. आरओची मूठ सगळ्यांत शेवटी उघडायची, आधी स्वयंपाकघराच्या नळाला पाणी पूर्ण स्वच्छ येऊ दे.